जिवाणूंचे पाकीट फोडण्याआधी स्फुरद आणि चुना पाहा

मृगाचा पाऊस लागला की भाताच्या बियाण्याला जिवाणू चोळण्याची घाई होते. पण हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडणारे मुक्त जिवाणू उपाशीपोटी काम करत नाहीत. नत्राचा एक रेणू फोडायला त्यांचे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे, 16 रेणू खर्च होतात आणि एटीपी स्फुरदाशिवाय (फॉस्फरस) बनत नाही. नत्र पकडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह आणि मॉलिब्डेनम लागते. आपल्या जांभ्या मातीत लोह भरपूर, पण आम्ल जमिनीत तेच लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवते. मॉलिब्डेनमही तिथेच अडकते.

म्हणून वरकस (उताराची हलकी जमीन) आणि खाचर (बांध घातलेले भाताचे शेत) यांचा हिशोब वेगळा ठेवा. नाचणी-वरीच्या वरकसात सामू (पीएच) 6 च्या खाली असेल तर ॲझोटोबॅक्टर हा नत्र पकडणारा जिवाणू टिकत नाही. तिथे ॲझोस्पिरिलम घ्या. माती परीक्षण आम्लता दाखवत असेल तर गुंठ्याला 2 ते 4 किलो चुना सरीत, पेरणीआधी दोन-तीन आठवडे द्या. त्याने अडकलेले मॉलिब्डेनमही सुटते. परीक्षणाशिवाय मॉलिब्डेनमचे खत मात्र टाकू नका. ते पेंढ्यात जास्त उतरले तर गुरांना तांब्याची कमतरता होते. चुना आणि सुपर फॉस्फेट एकत्र कालवू नका, स्फुरद पुन्हा बांधला जातो.

खाचरात पाणी साचले की तीन-चार आठवड्यांत सामू आपोआप सातच्या जवळ येतो, स्फुरदही थोडा सुटतो. तिथे चुन्याची गरज सहसा नसते. तिथला खरा अडथळा युरिया. पाण्यावर फेकलेल्या युरियाचे अमोनियम झाले की जिवाणू आणि निळे-हिरवे शेवाळ आयते नत्र घेतात, हवेतले पकडणे थांबवतात. युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) यांची 2.7 ग्रॅमची गोळी लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध 7 ते 10 सेंमी खोल खोचा. वरचे पाणी अमोनियमने भरत नाही, शेवाळाचे काम चालू राहते. गोळीतून स्फुरद जातो, तेव्हा सुपर फॉस्फेटची मात्रा तेवढी कमी करा.

बियाण्याला बुरशीनाशक आधी, जिवाणू सर्वांत शेवटी: 10 किलोला 250 ग्रॅम, सावलीत सुकवून लगेच पेरा. हे राहून गेले असेल तर लावणीच्या वेळी 10 लिटर पाण्यात 250 ग्रॅम कालवून रोपांची मुळे 20 ते 30 मिनिटे बुडवा. शेवाळ लावणीनंतर आठवडाभराने, गुंठ्याला 100 ग्रॅम. ते टाकल्यावर आठ-दहा दिवस बांधाची तोंडे सांभाळा. वरच्या खाचराचे पाणी धो धो खाली उतरले तर सगळे वाहून जाते. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर चार दिवस थांबणे बरे.

जिवाणूंचे इंधन म्हणजे कर्ब (कार्बन). चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला आणि कुजलेले शेणखत गाडा. राब भाजताना, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळताना, हाच कर्ब जळून जातो.