कापडातून वीज घेताना मोजमापात झालेली माझी फसगत

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी तळहाताएवढे घर्षणविद्युत कापड, म्हणजे थर एकमेकांवर आपटले-घासले की वीज देणारे कापड, तयार केले. एका थरात नायलॉन, दुसऱ्यात टेफ्लॉन आणि दोन्हींच्या पाठीशी चांदीचा मुलामा दिलेला धागा होता. हाताने थापटले की ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, १०० व्होल्टचे टोक (क्षणिक उच्चांक) दिसे. त्या यंत्राच्या १० मेगाओहम रोधाच्या प्रोबवर (मोजणीच्या तारेवर) १०० व्होल्ट म्हणजे १ मिलिवॅट, असा हिशेब मी अहवालात मोठ्या आनंदाने मांडला आणि पुढचे आठ महिने तो निस्तरत बसलो.

चूक दाखवली ती मार्गदर्शकांनी नव्हे, तर प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ काकांनी. ते एवढेच म्हणाले, "टोक कळलं रे, पण मिनिटाला साठतं किती?"

इथे सावकाश वाचावे. ते टोक काही मिलिसेकंदच टिकते. तेच कापड डायोड ब्रिजमधून (उलटसुलट प्रवाह एकाच दिशेला वळवणाऱ्या जोडणीतून) वीज साठवणाऱ्या १० मायक्रोफॅरडच्या साध्या कपॅसिटरला जोडल्यावर तो ३ व्होल्टपर्यंत चढायला ६० सेकंद लागले. म्हणजे ऊर्जा ४५ मायक्रोजूल आणि सरासरी शक्ती ०.७५ मायक्रोवॅट, जी त्या मिलिवॅटच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. साठलेला विद्युतभार ३० मायक्रोकूलोम, म्हणून सरासरी प्रवाह ०.५ मायक्रोअँपिअर. आता सुती कापडावर कार्बन आणि जेल लावून केलेला माझा सुपरकपॅसिटर, म्हणजे खूप जास्त भार साठवणारा कपॅसिटर, पाहा. तो २० मिलिफॅरडचा असल्याने ०.८ व्होल्टपर्यंत भरायला १६ मिलिकूलोम, म्हणजे अखंड थापटत सुमारे नऊ तास लागले असते, तेही गळती, म्हणजे साठलेला भार आपोआप झिरपून जाणे, शून्य धरून. त्या व्होल्टेजला त्याची गळती होती ३ मायक्रोअँपिअर! रांजणाचे भोक नळाच्या धारेहून मोठे होते.

म्हणून दोन्ही कापडे एकत्र शिवण्यापूर्वी एकाचा सरासरी प्रवाह आणि दुसऱ्याची गळती शेजारीशेजारी लिहावी. हे न करता पुढे गेलात तर वर्ष जाईल. एलईडीची माळ चमकल्याचे चित्रीकरण मी तरी पुरावा मानत नाही, कारण माळ क्षणिक व्होल्टेजवरही चमकते. पावसाळ्यात पृष्ठभागावरचा भार दमट हवेत निसटतो, तेव्हा प्रत्येक नोंदीसोबत आर्द्रताही टिपावी.

मात्र एवढ्यावरून विषय सोडण्याचे कारण नाही. सूक्ष्म प्रवाहावर चालणारे, अधूनमधूनच जागे होणारे सेन्सर आहेत आणि त्यांना मोठी टाकी लागत नाही. माझ्या अंतिम रचनेत तोच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर राहिला. कापडी सुपरकपॅसिटरला प्रबंधात वेगळे प्रकरण मिळाले आणि तिथे तो प्रयोगशाळेतल्या वीजपुरवठ्यावर चार्ज केलेला आहे.