एपीपी ते बचाव पक्ष: आर्थिक गुन्ह्यांच्या वकिलीत येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

लॉच्या शेवटच्या वर्षाची पोरंपोरी भेटली की हमखास विचारतात, मॅडम आधी एपीपी (सहायक सरकारी वकील) व्हायचं, पोलिसांत कोर्टात ओळखी करायच्या आणि मग बाहेर पडून पैसेवाल्यांच्या केसेस घ्यायच्या, जमतंय का असं? जमतंय, पण ओळखीचा हिशोब डोक्यातून काढा. ओळखी दोन बदल्यांत संपतात, आयओ (तपास अधिकारी) सोलापूरला गेला, साहेब रत्नागिरीला गेले, मग नंबर सेव्ह असून पण फोन उचलत नाहीत. पक्षकाराला मात्र शेवटपर्यंत वाटत असतं की मॅडमची आत सेटिंग आहे, बरेचजण त्यासाठीच येतात, आणि ते पहिल्याच मीटिंगला तोंडावर सांगून मोडावं लागतं नाहीतर पुढं त्रास आपल्यालाच. खरा उपयोग होतो तो सरकार पक्षाची फाइल कशी तयार होते आणि घाईत कुठं कच्ची राहते हे आतून बघितल्याचा.

एपीपीची भरती एमपीएससीतून, खातं गृह विभागाचं, पगार वेळेवर, काम मॅजिस्ट्रेट कोर्टात. आधी काही वर्षं प्रॅक्टिस लागते, त्यामुळं जाहिरात आली की अट नीट वाचा. सेशन्स कोर्टातले पीपी (सरकारी वकील) आणि अ‍ॅडिशनल पीपी हे वेगळं, त्याला किमान ७ वर्षं वकिली पाहिजे, स्पेशल पीपीला १०. हे नवीन लोक कायम एकात एक करतात.

रोजचं काम बघितलं तर कंटाळवाणं, सकाळी रिमांड, मग जामीन अर्जांवर से (सरकार पक्षाचं लेखी म्हणणं), दुपारी साक्षीपुरावा, मधेच पैरवीवाला (कोर्टाचं काम बघणारा पोलीस) येऊन सांगणार की साक्षीदार गावाला गेलाय. पण शेकडो चार्जशीटं हाताखालून गेली की नजर बसते. जप्ती पंचनाम्यात रजिस्टरं सात आणि मुद्देमाल पावतीवर पाच, दहा ठेवीदारांच्या जबाबात एकच शुद्धलेखनाची चूक दहा वेळा (म्हणजे कॉपी पेस्ट), कॉम्प्युटरच्या प्रिंटा गठ्ठ्यानं लावलेल्या पण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं सर्टिफिकेट नाही. पूर्वी ते जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३, त्यात आता फॉर्मचे दोन भाग आहेत, एक देणाऱ्यानं भरायचा, एक तज्ज्ञानं, आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) लिहायची. एपीपी होते तेव्हा असं काही दिसलं की आयओला बोलवून दुरुस्त करायला लावायचे, आता बचावाकडून दिसलं की गप्प बसते आणि उलटतपासापर्यंत जपून ठेवते.

आता व्हाइट कॉलर म्हटलं की मुंबईच्या काचेच्या बिल्डिंगी डोळ्यासमोर येतात, आपल्याकडं कोल्हापूर भागात त्या कॉलरवर पांढरी टोपी पण असते. इथलं काम म्हणजे पतसंस्था, सेवा सोसायट्या, महिन्याला अमुक टक्के देतो म्हणणाऱ्या कंपन्या, इचलकरंजीच्या सूत व्यापारातली उधारी, जीएसटीची खोटी बिलं. यातली पतसंस्थेची केस नीट समजली तर निम्मं काम समजलं म्हणा. सुरुवात बहुतेक वेळा ऑडिटमधून होते, सहकार कायद्याच्या ८१(५ब) खाली लेखापरीक्षक स्पेशल रिपोर्ट देऊन स्वतःच फिर्याद देतो, आणि फिर्यादीत चेअरमनपासून सगळं संचालक मंडळ, मॅनेजर, कधीकधी नुसता सही करणारा क्लार्क पण. बाजूला ८३ ची चौकशी आणि ८८ खाली जबाबदारी निश्चिती चालूच असते. पण ८८ मध्ये रक्कम अंगावर बसली म्हणजे बेइमानीचा हेतू सिद्ध झाला असं नाही, हा फरक कोर्टापुढं मांडायचा तर प्रोसिडिंग बुक, पोटनियम, कर्ज मंजुरीचे ठराव, कोण कुठल्या मीटिंगला हजर होता हे सगळं पान पान बघावं लागतं. भाषण ठोकून काही होत नाही.

दुसरं, कलमं बघा. चारशेवीस (फसवणूक) आणि चारशेनऊ (विश्वासघात) दोन्ही एकदम ठोकायची सवय आहे, पण फसवणुकीत हेतू पहिल्यापासून खोटा लागतो आणि विश्वासघातात माल आधी विश्वासानं ताब्यात दिलेला लागतो, एकाच व्यवहारात दोन्ही एकत्र नांदत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या निकालात परत सांगितलंय. ४०९ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे म्हणून आरोपी आत असेल तर चार्जशीटला ९० दिवस मिळतात, नुसतं ४२० असेल तर ६०. त्यामुळं कुठलं कलम का लावलंय हे कॅलेंडर हातात धरून वाचायचं. आणि जुनी कलमं विसरू नका, २०१६ चं कर्ज असेल तर गुन्हा जुन्या आयपीसीचाच राहतो, नव्या न्याय संहितेचा नाही. वर एमपीआयडी म्हणजे १९९९ चा ठेवीदारांचा कायदा लागला की घरदार जप्तीत जातं आणि जामिनाची चर्चा पैसे किती भरणार यावरच येऊन थांबते. ईडी आली तर आणखी अवघड, तिथं जामिनाला मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ४५ च्या दोन अटी आहेत, नवशिक्यानं एकट्यानं हात घालू नये.

बचावाचं महत्त्वाचं काम चार्जशीटच्या आधीच होतं. आर्थिक गुन्हे शाखेची नोटीस आली की चेअरमनसाहेबांना वाटतं जाऊन समजावून सांगतो, आपलेच लोक आहेत. त्यांना पाच-पाच वेळा सांगावं लागतं की साहेब, हजर राहा, कागद द्या, पोच घ्या, पण कथा सांगू नका. गावात मान असलेल्या माणसाला गप्प बसवणं हे या लाइनमधलं सगळ्यात अवघड काम, जामीन त्यापुढं सोपा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, सरकारी वकील म्हणून ज्या फाइलला हात लावला, अगदी एका रिमांडला उभं राहिला असाल तरी, ती केस आरोपीकडून घ्यायची नाही. बार कौन्सिलचा नियम आहे, फी कितीही असू दे. आणि ठेवीदार कोर्टाच्या पॅसेजमध्ये गाठून बोलतात, पेन्शनचे पैसे अडकलेले असतात, त्यांचं चुकत नाही. उलट बोलू नका, तारीख विचारली तर सांगा. मला अजून त्याची सवय झालेली नाही.

तुमच्या पिढीचं नशीब म्हणजे कोल्हापुरातलं हायकोर्टाचं सर्किट बेंच. आधी अटकपूर्व जामीन इथं फेटाळला की रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई, तिथं सीनियर शोधा, पक्षकाराचा खर्च दुप्पट. १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांचं काम सीपीआर हॉस्पिटलसमोर चालतंय, सकाळी कसबा बावड्याला जिल्हा कोर्टात आणि दुपारी हायकोर्टात क्वॅशिंगला (गुन्हा रद्द करायच्या अर्जाला) उभा असा ज्युनियर आता दिसतो. ज्युनियरला पैसे मात्र अजून तसेच, पहिली काही वर्षं घरच्यांवर अवलंबून राहावं लागतं हे घरी आधीच सांगून ठेवा.

नवीन असाल तर निकालांच्या मागं नंतर लागा, आधी किर्द, खतावणी आणि ताळेबंद वाचायला शिका. वकिलांना आकड्यांची भीती असते आणि सरकार पक्षाला पण असते, त्यामुळं ज्याला नोंद कुठून कुठं गेली ते दाखवता येतं त्याचं कोर्ट ऐकतं. ओळखीच्या सीएकडं आठवड्यातून एखादी संध्याकाळ जाऊन बसा, शिकवतात आनंदानं, फक्त मार्च आणि सप्टेंबर सोडून जा.