पडवीपासून पाणंदीपर्यंत

फिजिओथेरपीची पदवी घेऊन गावी परतलेली मुलं-मुली मला विचारतात, क्लिनिक टाकायचं तर पहिलं मशिन कुठलं घेऊ? गुडघे आणि कंबरदुखीपुरतं याचं उत्तर देता येतं. पण मज्जारज्जूला अपुरी इजा झालेली, म्हणजे इजेच्या खाली थोडी संवेदना किंवा थोडी हालचाल शिल्लक असलेली माणसं हाताळायची असतील, तर पैसे जरा थांबून खर्च करा. आधी तपासणीवर हात बसवा आणि रुग्णाचं घर बघून या.

आमच्या सिंधुदुर्गात हे रुग्ण ठरलेल्या वाटांनी येतात. आंब्याच्या हंगामात कलमावरून पडलेले, माडावरून पडलेले, पावसाआधी कौलं परतायला छपरावर चढलेले, महामार्गावर दुचाकी घसरलेले. ऑपरेशन गोव्यात बांबोळीला नाहीतर घाट चढून कोल्हापूरला होतं. मणक्यात सळ्या-स्क्रू बसतात, टाके निघतात आणि माणूस थेट घरी येतो. मधला पुनर्वसनाचा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पण बाग, गुरं आणि म्हातारे आईवडील मागे ठेवून तिथे किती दिवस राहणार? तेव्हा तो टप्पा पडवीतल्या खाटेवरच पार पडतो, आणि तो पार पाडणारे तुम्ही असता.

मज्जारज्जूची इजा किती आहे हे ठरवणारी ‘एशिया’ मोजपट्टी कॉलेजात परीक्षेपुरती पाठ केलेली असते. ती परत काढा. दोन्ही बाजूंचे दहा-दहा मुख्य स्नायू, कापसाचा स्पर्श, टाचणीची टोच, आणि शेवटी गुदद्वाराजवळची संवेदना व आकुंचन. हा शेवटचा भाग लाजेपोटी गाळला जातो. इजा पूर्ण की अपुरी हे मात्र त्यावरच ठरतं. तिथे काहीच नसेल तर ‘ए’. फक्त संवेदना असेल तर ‘बी’. इजेखाली हालचाल आहे, पण निम्म्याहून कमी मुख्य स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलतात, म्हणजे शून्य ते पाचच्या मोजणीत तीन किंवा त्याहून वरच्या श्रेणीचे आहेत, तर ‘सी’. निम्मे किंवा अधिक असतील तर ‘डी’. रुग्णाला विश्वासात घ्या, घरातल्यांना बाहेर पाठवा, पण हा भाग सोडू नका. स्वतः करणं शक्य नसेल तर डिस्चार्जच्या कागदावर ती नोंद शोधा, नसेल तर सर्जनला फोन करा. टाचणी आणि कापूस वेगवेगळे तपासा. पायाला टोच कळत असेल तर त्या पायात हालचाल परतण्याची शक्यता जास्त असते. नुसता स्पर्श कळण्याला तेवढं वजन नाही.

मग तो प्रश्न येतोच. ‘माका चालूक येतला काय?’ नव्या मुलांची इथे दोन टोकं दिसतात. एक जण छातीठोकपणे हो म्हणतो, दुसरा ‘देवाच्या हातात’ म्हणून मोकळा होतो. मी आकडे दाखवते. गेल्या महिन्यात गुडघा सरळ करणारा स्नायू दोनवर होता, आज तीन आहे. पहिल्या सहा महिन्यांत वेग जास्त असतो, वर्षाच्या आसपास तो मंदावतो, पण नंतरही थोडंथोडं मिळत राहतं. एवढं खरं सांगितलं की बहुतेक माणसं ऐकून घेतात. घरचे रवळनाथाला गाऱ्हाणं घालून आलेले असतात. त्याला हसू नका. त्या घरात तुमच्यापेक्षा त्याची ओळख जुनी आहे.

आता म्हाताऱ्या माणसांबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त चूक होते. जुलै-ऑगस्टात खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, शेवाळतं, आजोबा पाय घसरून हनुवटीवर पडतात आणि मान मागे झटकते. मानेच्या मणक्यांची झीज आधीच असते, मज्जारज्जूचा कालवा अरुंद झालेला असतो. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसत नाही. दोन दिवसांत आजोबा भिंतीला धरून चालायला लागतात आणि घरात सगळे निर्धास्त होतात. पण हात? बटण लागत नाही, पेजेचा चमचा तोंडापर्यंत पोचेस्तोवर सांडतो, लुंगीची गाठ सुटते. हातांना पायांपेक्षा जास्त मार बसलेला हा प्रकार म्हणजे सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम. चालतोय म्हणजे बरा आहे असं मानून अशा माणसाला घरी बसवून ठेवतात, किंवा अर्धांगाचा झटका म्हणून मालिश सुरू करतात. पडल्यानंतर दोन्ही हात लुळे वाटत असतील तर मानेचा एमआरआय आणि सर्जनचं मत आधी, व्यायाम मागाहून.

मालिशवरून आठवलं. मानेच्या सहाव्या पातळीच्या रुग्णाला मनगट वर उचलता येतं, पण बोटं मिटता येत नाहीत. मनगट वर गेलं की किंचित आखडलेली बोटं आपोआप मिटतात, आणि तेवढ्या पकडीत पेला धरता येतो. घरचं माणूस मायेने मनगट मागे आणि बोटंही मागे एकदम ताणत राहिलं तर ही पकड कायमची सैल होते. बोटं सरळ करायची तर मनगट खाली सोडून. हे पहिल्याच भेटीत दाखवा, नुसतं सांगू नका.

चालण्याच्या सरावासाठी महागडी यंत्रणा नाही याची खंत करू नका. २००६ साली अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात नुकतीच अपुरी इजा झालेले १४६ रुग्ण होते. काहींना पट्ट्याने वजन तोलून ट्रेडमिलवर चालवलं, काहींना तेवढाच सराव जमिनीवर दिला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सराव भरपूर हवा, हे मात्र दोघांनाही लागू होतं. आमच्याकडे पॅरलल बार म्हणजे पडवीत सुताराने पक्के रोवलेले दोन वासे. उंची अशी घ्या की वासे धरून उभं राहिल्यावर रुग्णाचं कोपर किंचित वाकलेलं राहील.

पण पडवीत दहा मीटर चालला म्हणून काम संपत नाही. पुढे उंबरठा आहे, जांभ्याच्या पायऱ्या आहेत आणि एकीसारखी दुसरीची उंची नाही. मग खळं, मग दगडी गडग्यांमधली पाणंद, जिच्यात व्हीलचेअरचं पुढचं चाक अडकतं. परसातला संडास कुठे आहे ते पहिल्याच दिवशी चालत जाऊन बघा. कुबड्यांची रबरी टोकं पावसाआधी बदलायला लावा. पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंट आणि बंद चप्पल दोन्ही घालून सराव घ्या, कारण पट्ट्याच्या स्लीपरमधून ते पाऊल निसटतं. आणि स्पॅस्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, दिसली की लगेच ती घालवायच्या मागे लागू नका. काहीजण त्याच ताठरपणावर उभे राहतात. ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन वाढवलं आणि उभं राहणंच गेलं, असं होऊ शकतं. डोस डॉक्टरांचा, पण उभं राहण्यातला फरक तुम्ही त्यांना कळवायचा.

लघवीची पिशवी, कातडी आणि रक्तदाब हा आपला विषय नाही असं समजणारे फिजिओ मी पाहिले आहेत. दर दोन तासांनी कूस बदलली जाते का, माकडहाडावर लाली आहे का, हे व्यायामाआधी बघा. इजा छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर माणसाला लगेच बसवा, पाय खाली सोडा, घट्ट कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडली आहे का बघा. लघवी तुंबणं हे नेहमीचं कारण, त्याखालोखाल मलावरोध. या लोकांचा वरचा रक्तदाब मुळात शंभरच्या आसपास असतो, त्यामुळे दीडशे हा आकडाही त्यांना धोक्याचा. उतरला नाही तर १०८ला फोन.

कागदांचं कामही तुमच्याकडेच येतं. अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या बऱ्याच सवलती लागू होतात. सुधारणेची शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, म्हणून ‘अजून बरं व्हायचंय’ म्हणत थांबू नये. स्नायूंच्या श्रेणी तारखेसह लिहिलेली वही असली की डॉक्टरांचंही काम सोपं होतं.

फीचं पहिल्या भेटीतच बोलून घ्या. सुरुवातीला भेटी जास्त, मग घरातल्या एकाला तयार करून आठवड्याला एक, असं ठरवून दिलं तर दोघांना परवडतं. न ठरवता रोज जात राहिलात तर गणपतीच्या खर्चाच्या आसपास तुम्हाला ‘आता नको’ असा निरोप येतो, आणि तोही नेमका पायऱ्यांचा सराव सुरू होणार असतो तेव्हा.