स्क्रू जॅकचं डिझाईन करताना: कपपासून बेसपर्यंत

डिप्लोमा किंवा डिग्रीच्या मशीन डिझाईनमध्ये पॉवर स्क्रू आला की पाठोपाठ स्क्रू जॅकचं, म्हणजे स्क्रू फिरवून जड वजन उचलणाऱ्या जॅकचं, असाइनमेंट येतंच, आणि दरवर्षी ज्युनियर मुलं मला तेच विचारतात की सर कॅलक्युलेशन कुठून मिळेल. कॅलक्युलेशन सगळीकडे मिळतं हो. पण नुसतं ते उतरवून काढलं तर ओरलला दुसऱ्याच प्रश्नाला गाडी अडते, आणि पुढे नोकरीत कुणी खरोखरचा जॅक किंवा लिफ्टिंग फिक्श्चर करायला दिलं की हात चालत नाही. मी कॉलेजमध्ये हे केलं, नंतर कोल्हापूरला जॉबवर्क करणाऱ्या शॉपमध्ये डिझाईनला होतो तिथेही केलं, आणि माझं ठाम मत झालंय की जॅक शिकायची एकच पद्धत आहे. वर ठेवलेलं वजन कपमधून खाली जमिनीपर्यंत कुठल्या वाटेने उतरतं ते बोटाने दाखवता आलं पाहिजे, फॉर्म्युले त्या वाटेवर आपोआप भेटतात.

त्यामुळे आधी डेटा बुक उघडू नका, आधी एक जुना जॅक खोला. ट्रकच्या गॅरेजमध्ये किंवा भंगारवाल्याकडे मिळतो, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तर असतोच. वर कप, तो वजनाला टेकतो आणि वजनाबरोबर जागेवर थांबतो, फिरत नाही. त्याच्या खाली स्क्रूचं डोकं, त्यात काटकोनात दोन आरपार होल, त्यात टॉमी म्हणजे दांडा घालायचा (दोन होल कशाला, तर अडचणीच्या जागी दांडा पूर्ण फिरत नाही, अर्धवट फिरवून काढायचा आणि दुसऱ्या होलात घालायचा). मग चौकोनी आट्यांचा (थ्रेडचा) स्क्रू, तो गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझच्या नटमध्ये, नटला वर कॉलर आणि ती कॉलर बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) बॉडीवर बसलेली, नट फिरू नये म्हणून एक सेट स्क्रू. स्क्रूच्या तळाला एक वॉशर बोल्टने बसवलेला असतो, जास्त फिरवला तरी स्क्रू नटमधून बाहेर येऊ नये म्हणून. हे सगळं हातात घेऊन बघितलं की निम्मं डिझाईन डोक्यात बसतं.

आता आकडे घेऊ. ५ टन उचलायचंय, म्हणजे ५००० गुणिले ९.८१, साधारण ५० किलोन्यूटन, लिफ्ट २०० मिमी. स्क्रूला ३० सी ८ ग्रेडचं स्टील, यील्ड (ज्या स्ट्रेसला स्टीलचा आकार कायमचा बदलू लागतो) ४०० न्यूटन प्रति चौरस मिमी, फॅक्टर ऑफ सेफ्टी ५, म्हणजे कॉम्प्रेशनला ८० पर्यंत परवानगी. नुसत्या दाबावर काढलं तर कोअर डायमीटर (आट्यांच्या मुळाशी व्यास) २८.२ मिमी येतो. स्टँडर्ड चौकोनी आट्यात ३६ बाय ६ (बाहेरचा व्यास ३६, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ६) घेतला तर कोअर ३० मिळतो, पास. आणि इथेच बहुतेक रिपोर्ट थांबतात, कारण बसलं ना एकदाचं.

पण स्क्रू नुसता दाबला जात नाही, आपण त्याला पिळतोय पण. मीन डायमीटर (बाहेरचा आणि कोअर यांची सरासरी) ३३, म्यू म्हणजे फ्रिक्शनचा कोइफिशंट ०.१८ धरला तर फ्रिक्शन अँगल १०.२ डिग्री, हेलिक्स अँगल (आट्याचा तिरकेपणा) ३.३, दोन्हीची बेरीज करून टॅन घ्यायचा, त्याला वजनाने आणि मीन रेडियसने गुणायचं, टॉर्क येतो साधारण १९८ न्यूटन मीटर. त्यावरून शिअर ३७ आणि डायरेक्ट कॉम्प्रेशन ७१, दोन्ही एकत्र केले की मॅक्झिमम शिअर ५१ च्या वर. शिअरमध्ये यील्ड २०० चं, म्हणजे फॅक्टर ३.९ वर आला, आपण म्हटला होता ५. मग ४० बाय ७ बघा, तिथे मॅक्झिमम शिअर ४३ येतो, फॅक्टर ४.६५, अजून थोडक्यात हुकतंय. ४४ बाय ७ घेतला की कोअर ३७, टॉर्क २४० न्यूटन मीटर, मॅक्झिमम शिअर ३३.५, फॅक्टर जवळजवळ ६. झाला फायनल. रिपोर्टमध्ये हे तिन्ही ट्रायल दाखवा, नुसता शेवटचा नको, कारण डिझाईन म्हणजे हेच असतं, एक साईज धरायचा, तपासायचा, वाढवायचा, आणि तपासणारा माणूस पण ट्रायल बघूनच ओळखतो की मुलाने स्वतः केलंय.

आता सेल्फ लॉकिंग. आटा म्हणजे स्क्रूभोवती गुंडाळलेला घाटरस्ता, चढ किती ते हेलिक्स अँगल सांगतो आणि वजन घसरू न देण्याचं काम फ्रिक्शन करतं. आपल्या जॅकला चढ ३.१५ डिग्री आणि फ्रिक्शन अँगल १०.२, त्यामुळे दांडा सोडला तरी वजन जागेवर राहतं, खाली आणायलासुद्धा उलटा जोर लावावा लागतो. याची किंमत म्हणजे एफिशियन्सी, ती नुसत्या आट्यांची २३ टक्के. पोरांना हे वाईट डिझाईन वाटतं पण ते तसं नाही, सेल्फ लॉकिंग स्क्रूची एफिशियन्सी ५० टक्क्यांच्या खालीच असते, वजन धरून ठेवणारं फ्रिक्शन तेच आणि मेहनत खाणारं पण तेच. डबल स्टार्ट (शेजारी शेजारी दोन आटे) घेऊन वेग वाढवू म्हणाल तर लीड, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर, १४ होतं, चढ ६.३ डिग्री, आणि ग्रीस लागून म्यू ०.१२ वर आला की फ्रिक्शन अँगल ६.८, म्हणजे मार्जिन जवळपास संपलंच, वर गाडीचं किंवा मशीनचं व्हायब्रेशन. म्हणून हाताच्या जॅकला सिंगल स्टार्ट. आणि कितीही सेल्फ लॉकिंग असला तरी नुसत्या जॅकच्या भरवशावर वजनाखाली कुणीही जायचं नाही, शेजारी स्टँड किंवा लाकडी ठोकळे लावायचेच.

माझा सगळ्यात आवडता भाग कपचा, आणि रिपोर्टमध्ये तोच दोन ओळीत उरकलेला असतो. कप थांबलेला, स्क्रू त्याच्याखाली फिरतोय, मध्ये ५० किलोन्यूटन. कपच्या टेकण्याच्या जागेचा बाहेरचा व्यास ७० आणि आतला २० धरला, म्यू तोच ०.१८, तर युनिफॉर्म वेअर (झीज सगळीकडे सारखी) धरून तिथला टॉर्क येतो २०२ न्यूटन मीटर. आट्यांना २४० लागत होता, कपला २०२! म्हणजे तुमची जवळजवळ निम्मी मेहनत वजन न उचलता नुसती कप घासण्यात जाते. टोटल ४४३, पूर्ण जॅकची एफिशियन्सी १२.६ टक्क्यांवर येते. एक माणूस ४०० न्यूटन लावतो धरलं तर दांडा १.१ मीटर लांब लागतो, आणि बेंडिंगला तोच ८० चा स्ट्रेस धरला तर दांडा ३८ मिमी जाड, तेवढं होल स्क्रूच्या डोक्यात पाडायचं म्हणजे डोकं पण मोठं करा. आता कपखाली एक थ्रस्ट बॉल बेअरिंग टाका. कपचा टॉर्क नगण्य होतो, दांडा ६०० मिमीवर येतो, जाडी ३२ वर. एका बेअरिंगने दांडा निम्मा झाला, डोक्यातलं होल बारीक झालं. डिझाईनमध्ये एक गोष्ट हलवली की काय काय हलतं हे दाखवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

याच्याच जोडीला ओरलचा एक ठरलेला प्रश्न येतो: स्क्रूच्या बॉडीचा शिअर काढताना टॉर्क ४४३ घेतला की २४०? दांडा आहे कप आणि नट यांच्या मध्ये. दांड्याच्या वरच्या भागात कपचा टॉर्क, खालच्या भागात फक्त आट्यांचा. म्हणून आट्यांच्या सेक्शनला २४० च. जॅक खोलून बघितलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही.

नटचं गणित सोपं आहे, बेअरिंग प्रेशर (आट्यांच्या टेकणाऱ्या जागेवरचा दाब) १० न्यूटन प्रति चौरस मिमी धरून ११.२ आटे येतात, १२ घ्या, नटची लांबी ८४. आट्यांचा शिअर तपासला तर स्क्रूच्या बाजूला १०, नटच्या बाजूला ८.६, काही अडचण नाही. पण नटमध्ये वजन कसं जातं ते नीट बघा. वजन आट्यांतून नटमध्ये शिरतं, आणि नट टेकलाय कुठे तर वरच्या कॉलरवर, म्हणजे कॉलरखालचा नट लोंबकळतोय, तो टेन्शनमध्ये आहे! वरून ५ टन दाबताहेत आणि खाली ब्राँझ ताणलं जातंय, हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. ब्राँझची अल्टिमेट स्ट्रेंग्थ १९० धरून ५ ने भागली तर नटचा बाहेरचा व्यास ६० च्या जरा वर येतो, ६५ ठेवा. नट ब्राँझचाच का, तर झिजायचं असेल तर नटने झिजावं, तो बदलायला स्वस्त, शिवाय स्टीलवर स्टील घासलं तर आटे धरतात.

बकलिंगचा, म्हणजे लांब स्क्रू दाबाखाली बाजूला वाकण्याचा, बाऊ करू नका पण सोडू पण नका. स्क्रू पूर्ण वर आल्यावर नटच्या मध्यापासून मोकळी लांबी २४२, स्लेंडरनेस रेशो (जाडीच्या मानाने लांबी किती ते) २६, खाली फिक्स वर फ्री धरला तर क्रिटिकल रेशो साधारण ५०, त्यामुळे आखूड कॉलमचा जॉन्सनचा फॉर्म्युला लागतो, सडपातळ कॉलमचा ऑयलरचा नाही. क्रिटिकल लोड ३७२ किलोन्यूटन येतो, फॅक्टर ७ च्या वर. बॉडी बिडाची, एफजी २०० ग्रेडचं चालतं, बीड दाबाला चांगलं म्हणूनच ते इथे आहे, आणि खाली रुंद होत जाते ती जमिनीवरचं प्रेशर कमी व्हावं आणि जॅक कलंडू नये म्हणून.

ड्रॉइंग काढून झाल्यावर एकदा तरी हे आटे लेथवर पडताना उभं राहून बघा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी एका टर्नर काकांकडे बसायचो, त्यांच्याकडे बघून मला चौकोनी आटा खरा समजला. पिच ७ म्हणजे टूलची रुंदी साडेतीन मिमी, तेवढी धार एकदम मटेरियलमध्ये जाते, म्हणून स्पीड अगदी कमी, बॅक गिअर टाकून, कटिंग ऑइल सोडत. टूल ग्राइंड करताना काका पुढची बाजू जास्त सोडायचे, मी विचारलं का, तर म्हणाले "आटा तिरका जातोय, टूलचं पोट घासतं त्याला." म्हणजे कागदावर आपण जो ३.१५ डिग्रीचा हेलिक्स अँगल काढला तोच ग्राइंडिंग व्हीलवर टूलच्या क्लिअरन्समध्ये येतो, आणि मुळाशी व्यास कमी म्हणून तिथे अँगल थोडा अजून जास्त. लेथच्या लीडस्क्रूची पिच ६ आणि आपली ७, त्यामुळे पास संपला की हाफ नट (टूलला लीडस्क्रूशी जोडणारा) उघडायचा नाही, टूल बाहेर घ्यायचं आणि मशीन उलटं फिरवून मागे यायचं, नाहीतर पुढचा पास दुसऱ्याच जागी पडतो. आटे संपतात तिथे टूल बाहेर यायला गळा लागतो, तो ड्रॉइंगमध्ये नसला तर टर्नर पहिला फोन तुम्हालाच करणार. आणि नटचे आतले आटे तर फारच अवघड, ३७ च्या बोअरमध्ये ८४ मिमी खोल बारीक बोअरिंग बार घालायचा, तो थरथरतो आणि आट्यावर लाटा उमटतात. चौकोनी आट्याची एफिशियन्सी चांगली असून पण प्रॉडक्शनमध्ये लोक ट्रॅपेझॉयडलकडे का जातात ते तिथे उभं राहिलं की कळतं, ट्रॅपेझॉयडल आटा करायला सोपा आणि मुळाशी जाड.

एवढं झालं की पुढची पायरी म्हणून दांड्याऐवजी क्रँक लावून बघा, मुलाखतीत हा प्रश्न विचारलेला मी ऐकलाय. दांड्यावर एक झटका म्हणून ४०० न्यूटन ठीक, पण क्रँक सतत फिरवायचा तर हाताचा जोर १५० च्या आसपासच धरा. क्रँकचा रेडियस २५० मिमी, म्हणजे हातात टॉर्क ३७.५ न्यूटन मीटर, आणि बेअरिंगवाल्या आपल्या जॅकला हवाय २४०. मध्ये साडेसहा पट गिअर लागला, गिअरचा लॉस धरला की अजून जास्त. म्हणून तिथे बेव्हल किंवा वर्म गिअर येतो. आणि वेगाचा हिशोब पण करा, स्क्रूचा एक फेरा म्हणजे ७ मिमी, २०० मिमीला जवळजवळ २९ फेरे, ते गिअर रेशोने गुणा, मग कळतं माणूस किती वेळ फिरवत बसणार.

हेच मशीन तुम्हाला पाटाच्या गेटवर भेटेल. आपल्याकडे कालव्यांवर हाताने फिरवायची गेटं असतात, वर गिअरबॉक्स, बाजूला क्रँक, मधून लांबलचक आट्यांचं स्पिंडल वर जातं. तिथे नट फिरतो आणि स्क्रू न फिरता वर खाली होतो, जॅकच्या बरोब्बर उलटं. गावी गेलात तर गेट चालवणाऱ्या माणसाला विचारून एकदा स्वतः क्रँक फिरवा, फेरे मोजा, स्पिंडल किती वर आलं ते टेपने मोजा, आणि स्पिंडलवरची पिचही मोजा, मग गिअर रेशो त्यातून काढता येतो. आणि बकलिंग जॅकमध्ये जिथे सहज पास झालं तिथे ते या स्पिंडलला खरंच जड जातं, कारण लांबी काही मीटर असते. गेट उचलताना स्पिंडल ताणात असतं, तेव्हा बकलिंगचा प्रश्नच नाही. गाळ साचून गेट अडकलं आणि बंद करायला वरून दाबलं की ते कॉम्प्रेशनमध्ये जातं, त्यामुळे तपासायचं ते बंद करतानाच्या लोडवर, आणि स्पिंडलला मधे मधे जे गाईड ब्रॅकेट दिसतात त्यांच्यातलं अंतर त्यावरूनच ठरतं.