उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ पडत होतं, असं जमवलं

आमच्याकडे मे मधे पारा 45 च्या वर जातो, टिनाखाली गावरान कोंबड्या पंख पसरून चोच उघडी ठेवून धापा टाकत बसतात अन् अंडी अशी की बोटाने जरा दाबलं तं कवच आत जाते. कोंबडीला घाम येत नाही, ती धापेनेच अंग थंड करते, पण त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून कवचाला कॅल्शियम नीट मिळत नाही, त्यात खाणंही घटते.

मी टिनावर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, जाड थर टाकला, वरून ओला बारदाना, दुपारी एकदा पाणी मारायचं. दाणा पहाटे अन् ऊन उतरल्यावरच, कारण पचनानेही अंगात गर्मी वाढते. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत. अन् मुख्य म्हणजे कॅल्शियमसाठी शिंपल्याचा भरड चुरा संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवा, पीठ नको बरं, भरडच, कारण कवच जास्त करून रात्री बनते अन् भरड चुरा पोटात हळूहळू विरघळत राहते.

आता अंडी टणक येतात, बाजारात न्यायला भीती नाही. बारदाना मात्र वाळू देऊ नका.