प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर उपचार कसा निवडावा

बायोप्सीचा अहवाल हाती आला की घरात पहिला प्रश्न ‘ऑपरेशन कधी?’ हाच निघतो. ‘ऑपरेशन करायचे का?’ हे त्याआधी ठरवायला हवे. प्रोस्टेट ग्रंथीपुरता मर्यादित असलेला हा आजार सहसा सावकाश वाढत असल्यामुळे विचाराला काही आठवडे मिळतात. लघवी पूर्ण अडली असेल किंवा पाठदुखीबरोबर पायांतली शक्ती जाऊ लागली असेल, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आधी पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची पातळी), ग्लीसन स्कोअर (बायोप्सीतल्या पेशी किती आक्रमक दिसतात याचा आकडा) आणि एमआरआयवरून ठरलेला टप्पा एका कागदावर लिहून घ्यावा. ग्लीसन ६ हा सर्वांत सौम्य, ८ ते १० हा आक्रमक, आणि ७ मध्येही ३+४ हा ४+३ पेक्षा बरा, कारण पहिला आकडा सर्वाधिक आढळलेल्या पेशींचा असतो. पुढचे बहुतेक निर्णय या स्कोअरवर उभे असल्याने बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घेणे श्रेयस्कर.

धोका कमी असेल तर नियमित पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवणे हाही अधिकृत पर्याय आहे. तो म्हणजे हयगय नव्हे. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात ग्रंथीपुरता आजार असलेल्या १,६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागणी केली होती. सुमारे १५ वर्षांनंतर या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते, मात्र देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. हे पुरुष पीएसए तपासणीतून लवकर सापडलेले होते. आपल्याकडे अनेकांचे निदान त्रास सुरू झाल्यावरच होते, म्हणून हा दिलासा प्रत्येकाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

उपचार करायचाच ठरला, तर तुलना दुष्परिणामांचीही करावी. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा काही काळ, काहींचा कायमचा, कमी होतो. रेडिएशननंतर शौचाच्या तक्रारी अधिक आढळतात, आणि लैंगिक क्षमतेवर दोन्हींचा परिणाम होतो. हा शेवटचा प्रश्न मुलांसमोर विचारणे अवघड जाते, म्हणून डॉक्टरांकडे पत्नीसह किंवा एकट्याने वेगळा वेळ मागावा. शस्त्रक्रियेनंतर गरज पडल्यास रेडिएशन देता येते, पण रेडिएशन झालेल्या ग्रंथीची शस्त्रक्रिया अवघड असते. युरोलॉजिस्ट आणि रेडिएशनतज्ज्ञ या दोघांनाही भेटल्याशिवाय होकार देऊ नये, कारण प्रत्येकाचा कल साहजिकच स्वतःच्या शास्त्राकडे असतो.

आजार हाडांपर्यंत पसरला असेल तर मुख्य उपचार या कर्करोगाला पोसणारे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी करण्याचा. त्यासाठी ठरावीक अंतराने इंजेक्शने किंवा एकदाच वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत. शस्त्रक्रिया एकूण खर्चात बरीच स्वस्त पडते, पण मनाला ती जड जाते आणि ती उलटवता येत नाही. म्हणूनच रुग्णापासून निदान लपवून मुलांनी परस्पर तिला संमती देणे मला सर्वस्वी अनुचित वाटते. दोन्ही मार्गांत हाडे विरळ होतात आणि साखर वाढू शकते, म्हणून सुरुवातीलाच हाडांची घनता आणि रक्तशर्करा तपासून ठेवावी.