कूलरच्या खोलीत डास कुठे दडतो

नागपुरात मे महिन्यात बाहेर अंग भाजतं, आणि कूलरची खोली मात्र गार, दमट. डेंग्यूच्या एडिस डासाला हेच हवं. घरभेटीला गेले की मी आधी खुंटीवरचे कपडे झटकते, मग पलंगाखाली टॉर्च मारते. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास बहुधा खालीच, अंधाऱ्या कोपऱ्यात सापडतो. फवारणी तिथेच करा, छताकडे नको. पडदे बाजूला सारा, खिडकी उघडी ठेवून कूलर चालवा.

टाकीचं पाणी आठवड्याला नुसतं ओतून भागत नाही, बायांनो! अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. टाकी काथ्याने खरवडून घासा, उन्हात वाळवा. मोसम संपला की कूलरच्या बाजूंना लावलेल्या जुन्या गवताच्या ताट्या काढून जाळा.